खोल बैठकीची लाउंज खुर्ची: दिसायला झकास, उठायला त्रास

सगळ्यात आधी मापं सांगते, कारण विकणाऱ्यांच्या जाहिरातीत ती सगळ्यात शेवटी आणि मुंगीच्या अक्षरांत असतात. रुंदी ८६ सेंटीमीटर, एकूण खोली ८८, बैठकीची जमिनीपासून उंची ३९, आणि बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठ टेकते तिथपर्यंतचं अंतर, ५८. आता माझं माप. उंची १५२ सेंटीमीटर. ताठ बसल्यावर पाठीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत ४३. या ५८ आणि ४३ मध्ये जे अंतर पडतं, त्याच्याबद्दलच हे परीक्षण आहे. बाकी सगळं त्याच्या अनुषंगाने.

खुर्ची तुम्ही पाहिलेली असणार. गोलसर, जाडजूड, अंगाभोवती वळलेली, पाठ आणि हात एकाच वळणात, खाली फिरता पाया, वर दुधी रंगाचं बुक्ले, म्हणजे फासाफासांचं, कापड. सोबत तशाच कापडाचं पाय ठेवायचं स्टूल. सध्या घरसजावटीचा फोटो म्हटला की कोपऱ्यात हीच बसलेली असते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या साच्यातल्या खुर्च्या कितीतरी जण करतात आणि चार-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे सोडले तर माझं म्हणणं बहुतेकांना लागू पडेल.

मी मुद्रितशोधन करते. मांडीवर पॅड, पॅडवर छापील पानं, हातात पेन्सिल. कामाचं टेबल आहे, पण दुपार कलली की पाठ तक्रार करायला लागते आणि मग उरलेली पानं मऊ जागी बसून तपासावीशी वाटतात. घरात नवरा आहे, उंची १८१. सासूबाई आहेत, गुडघे दुखरे पण स्वभाव कणखर. आणि एक मांजर आहे, तिला कशाचंच दुखणं नाही. एका खुर्चीची परीक्षा घ्यायला एवढं मंडळ पुरे.

पहिलं बसणं कुठल्याही लाउंज खुर्चीत छानच वाटतं. तो निकष धरूच नये. वरचा थर मऊ असतो, अंग आत जातं, आपण ‘आहाहा’ म्हणतो आणि विकणारा हसतो. खरं काय ते पंधरा-वीस मिनिटांनी कळायला लागतं. मी पाठ मागे टेकवून बसले की माझे गुडघे बैठकीच्या कडेपर्यंत पोचतच नाहीत. पोटऱ्या बैठकीवरच आडव्या राहतात आणि पावलं लहान मुलासारखी समोर हवेत. पाय जमिनीला टेकवायचे तर पुढे सरकावं लागतं, मग पाठीमागे वीतभर पोकळी. त्या पोकळीत कंबर हळूहळू वाकते, मान पुढे येते, आणि ज्या पाठीसाठी खुर्ची आणली तीच सगळ्यात आधी बोंब मारते. नवऱ्याला यातलं काही होत नाही. त्याच्या मांड्या लांब आहेत. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरते, म्हणजे जेवढी उरायला हवी तेवढीच. त्याचं मत: खुर्ची एक नंबर. एकाच खुर्चीवर एकाच घरात दोन टोकाची मतं, आणि दोन्ही खरी.

बसण्याचं शास्त्र सांगणारे लोक बैठकीच्या उंचीवर भरपूर बोलतात. खोलीवर त्या मानाने कमी. खरेदी करणारा तर खोली विचारतच नाही. फोटोतही ती दिसत नाही, कारण खुर्ची समोरून किंवा पाऊण कोनातून टिपलेली असते. खोल बैठक फोटोत ‘ऐसपैस’ दिसते, एवढंच.

आता थोडं पाठीबद्दल. अल्फ नाखेमसन नावाच्या स्वीडिश अस्थिशल्यविशारदाने १९६० च्या दशकात माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर किती दाब येतो ते सुई घालून प्रत्यक्ष मोजलं. आधार न घेता बसलं की उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, आणि पाठ मागे कलवून टेकली की तो उतरतो, कमरेला आधार असेल तर आणखी उतरतो, असं त्या मोजमापांतून दिसलं. म्हणजे रेलून बसणं आळशीपणाचं नाही, पाठीच्या हिताचंच आहे. लाउंज खुर्ची असते ती यासाठी. पण यात एक मेख आहे. पाठ मागे कलली आणि बैठक मात्र सपाट राहिली, तर शरीर पुढे घसरायला लागतं. पाठीचा रेटा बुडाला पुढे ढकलतो. मग आपण नकळत पायांनी रोखून धरतो, किंवा घसरतो, सावरून बसतो, पुन्हा घसरतो. चांगल्या लाउंज खुर्चीत पाठीबरोबर बैठकही मागे झुकलेली असते, पुढची कड वर आणि मागची खाली.

ईम्सची प्रसिद्ध खुर्ची घ्या. चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याने केलेली, हर्मन मिलर कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेली, वाकवलेल्या प्लायच्या तीन कवचांवर चामड्याच्या गाद्या. तिची बैठक कायमची साधारण १५ अंश मागे झुकलेली असते. खुर्चीला कुठलीही दांडी नाही, पाठ मागे-पुढे करायची सोय नाही. कोन एकदाच विचार करून ठरवला आणि पक्का केला. आमच्या ओळखीच्या एका वास्तुविशारदाकडे ती आहे. मी तिच्यात बराच वेळ बसले आणि घसरले नाही. तिची आणखी एक गंमत: तिचं आता थोडं उंच, लांब रूपही मिळतं, कारण माणसांची सरासरी उंची वाढली. माझ्यासारखीने मात्र डोळे मिटून जुन्या मापाचीच घ्यावी. फर्निचरच्या जगात बुटक्या बाईला जुनं माप जास्त बरं पडावं, हे फार वेळा होत नाही.

आमच्या खुर्चीत बैठकीचा झुकाव नावापुरता आहे. मी स्टीलची फूटपट्टी आणि मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप घेऊन बसले (नवऱ्याने याचा फोटो काढून ठेवलाय). पाठ चांगली मागे गेलेली, बैठक मात्र जेमतेम ३ अंश. परिणाम असा की पॅडवरची पानं आधी खाली जातात, मग पॅड, मग मी. बुक्लेच्या खरखरीतपणामुळे घसरण थोडी धीमी होते, एवढाच दिलासा. गुळगुळीत चामड्याची हीच खुर्ची असती तर घसरगुंडीच झाली असती.

वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए आणि त्याचे सहकारी पिएर झानरे आणि शार्लोट पेरियाँ यांनी १९२८ मध्ये केलेल्या आरामखुर्चीत याच घसरण्यावर वेगळाच तोडगा आहे. तिथे पाठ, बैठक आणि पाय यांचं एकच अखंड वळण आहे आणि ते आख्खं वळण खालच्या पायावर मागे-पुढे सरकवता येतं. कोन बदलला तरी अंगाचा आकार तोच राहतो, सगळं शरीर एकदम कलतं. साधी युक्ती आहे, यंत्र नाही, दांडी नाही. जाता जाता: पेरियाँ पहिल्यांदा कॉर्ब्युझिएकडे काम मागायला गेली तेव्हा, आमच्या इथे उशांवर भरतकाम करत नाहीत, असं सांगून तिला परत पाठवलं होतं. नंतर तिचं प्रदर्शनातलं काम पाहून तिलाच बोलावून घेतलं. पुढची कितीतरी वर्षं त्या खुर्च्यांखाली एकट्या कॉर्ब्युझिएचंच नाव लागायचं.

पण मग खोल बैठक ही चूकच का? नाही. खोलीला कारण असलं पाहिजे. नॉल या फर्निचर कंपनीच्या फ्लॉरेन्स नॉलने वास्तुविशारद एरो सारिनेनकडे मागणी केली ती अशा खुर्चीची, की जिच्यात पाय वर घेऊन, अंग मुडपून, कुशीवर वळून कसंही बसता यावं. १९४८ ची त्याची वूम खुर्ची त्यातून आली. फायबरग्लासचं एकच मोठं कवच, तेव्हाच्या मानाने अवघड काम. त्यासाठी होड्या बांधणाऱ्या कारागिराची मदत घ्यावी लागली होती. ती खुर्ची रुंद आणि खोल आहे, पण ती खोली पाय खाली सोडून बसणाऱ्यासाठी ठेवलेलीच नाही. मिशेल दुकारुआ या फ्रेंच डिझायनरचा १९७३ चा तोगो सोफा बघा. आत लाकडाचा सांगाडाच नाही. कमी-जास्त घनतेचा फोम आणि त्यावर चुण्या पडलेलं रजईसारखं आवरण. तो जवळजवळ जमिनीला टेकलेला असतो, आणि तुम्ही त्यात बसता की लोळता हे त्याला सारखंच. ज्या काळात तरुण पोरं खुर्च्या सोडून जमिनीवर गप्पा मारत बसायला लागली त्या काळाचा तो सोफा. हल्ली तो पुन्हा सगळीकडे दिसतो. त्याला मी नावं ठेवणार नाही, कारण तो जे आहे तेच दिसतो.

आमच्या खुर्चीची अडचण अशी की ती दिसते बसायची खुर्ची, माप मात्र लोळायच्या खुर्चीचं. हे माझ्या लक्षात आणून दिलं ते मांजरीने असं म्हणता आलं असतं तर मजा आली असती, पण खरं कारण पॅड आहे. पॅड सारखं घसरतं म्हणून मी चिडून पाय वर घेतले आणि सरळ मांडी घातली. आणि खुर्ची बदललीच! ५८ सेंटीमीटर खोली मांडीला बरोब्बर पुरते. गुडघे दोन्ही बाजूंना हातांच्या आतल्या वळणावर टेकतात, त्यामुळे मांडी उघडी ठेवायला जोर लागत नाही. पाठ मागे टेकते. पॅड दोन मांड्यांवर सपाट बसतं. पानं जागच्या जागी. कंबरेमागे एक छोटी, जरा कडक उशी सारली की तासभर मान न अवघडता काम होतं. फिरता पाया असल्यामुळे डावीकडच्या तिवईवरची तपासलेली पानं आणि उजवीकडच्या न तपासलेल्या पानांचा गठ्ठा, दोन्हीकडे नुसतं कमरेतून वळून जाता येतं, उठावं लागत नाही. एवढी सोय माझ्या कामाच्या खुर्चीतही नाही.

म्हणून पाय खाली सोडून बसणार असाल तर १५२ उंचीला ही खुर्ची दहापैकी तीन. मांडी घालून बसणार असाल तर आठ. मांडी घालता येत नसेल, गुडघ्यांमुळे किंवा सवय नसल्यामुळे, तर ते आठ तुम्हाला मिळणार नाहीत.

स्टुलाबद्दल दोनच वाक्यं. ते ४० सेंटीमीटर उंच आहे आणि बैठक माणूस बसल्यावर ३४ पर्यंत दबते, त्यामुळे पाय कमरेपेक्षा वर जातात, मांडीमागचे स्नायू ताणतात आणि कंबर पुन्हा गोल होते. स्टूल बसल्यानंतरच्या उंचीइतकं किंवा किंचित कमी हवं; हे वेगळं घेता येत असेल तर घेऊच नका.

आता खुर्ची उलटी करू. हे प्रत्येकाने करावं असं माझं मत आहे. दुकानात लाज वाटते, घरी आल्यावर तरी करा. खाली काळं पातळ कापड पिनांनी ठोकलेलं असतं. ते फक्त धूळ आणि आतला पसारा झाकायला असतं. त्याचा एक कोपरा सोडवला आणि टॉर्च मारला. आतला सांगाडा प्लाय आणि घन लाकूड असा मिश्र. जिथे भार येतो त्या कोपऱ्यांत लाकडाचे तिकोनी ठोकळे, डिंकाने चिकटवलेले आणि वर स्क्रूने आवळलेले. हे चांगलं लक्षण. नुसत्या पिनांवर तोललेले कोपरे काही काळाने कुरकुरायला लागतात. बैठकीखाली स्प्रिंगा नाहीत, ताणलेले लवचीक पट्टे आहेत, आडवे-उभे विणलेले, एकमेकांना खेटून. एका बाजूची पिनांची ओळ वाकडीतिकडी गेलेली, पण पट्टा घट्ट आहे, त्यामुळे मी कानाडोळा केला.

पट्टे म्हटलं की लोकांना वाटतं स्प्रिंगपेक्षा स्वस्तातलं काम. तसं असतंच असं नाही. १९५१ साली इटालियन डिझायनर मार्को झानुसोने आर्फ्लेक्स कंपनीसाठी केलेली ‘लेडी’ खुर्ची अशाच लवचीक पट्ट्यांवर आणि रबरी फोमवर उभी होती. मोटारींचे टायर करणाऱ्या पिरेल्लीचं तंत्रज्ञान त्यामागे होतं. स्प्रिंगा, काथ्या आणि घोड्याचे केस भरून गाद्या करण्याचा जमाना तिथून मागे पडायला लागला. पट्टा चांगल्या प्रतीचा असेल तर तो वर्षानुवर्षं टिकतो; नसेल तर बैठकीच्या मध्यभागी खळगा पडतो आणि मग आपण फोमला शिव्या देतो.

फोमच्या बाबतीत विकणारे एकच आकडा तोंडावर फेकतात: डेन्सिटी. आमच्या खुर्चीला ३५ सांगितली, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन ३५ किलो. हा आकडा फोममध्ये माल किती आहे ते सांगतो, आणि साधारणपणे तो जास्त असेल तर फोम लवकर बसत नाही. पण फोम मऊ आहे की कडक, हे त्यावरून कळत नाही. ते वेगळं माप आहे. ४० डेन्सिटीचा फोम लोण्यासारखा असू शकतो आणि २५ चा दगड. एका वर्षाच्या आत २५ चा तो दगड खाली बसून पातळ झाला तर नवल नको, तो भाग निराळा. तळहात सपाट ठेवून पूर्ण जोराने दाबायचं, हात सोडायचा आणि फोम किती लवकर वर येतो ते बघायचं. आमचा झटकन येतो. कडेजवळ दाबलं तर खालचं लाकूड हाताला लागत नाही, हेही तपासा. स्वस्त खुर्चीत पुढच्या कडेला फोम पातळ असतो आणि तिथेच मांडीचा भार येतो. बैठकीला खाली कडक थर, वर मऊ थर आणि त्यावर पॉलिस्टर कापसाचं वेष्टन, अशी रचना आहे. सुरुवातीचे काही दिवस नव्या फोमचा वास येत होता, खिडक्या उघड्या ठेवल्यावर गेला.

एकूणात बांधणीला मी मनापासून चांगले गुण देते. शिवण सरळ, दुहेरी. पाठीच्या वळणावर कापडाला एकही चुणी नाही, आणि गोल आकारावर कापड चढवणं किती कठीण असतं हे ज्याने साध्या उशीला अभ्रा शिवलाय त्यालाही कळेल. ही खुर्ची करणाऱ्या कारागिराबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्याने मापं ठरवली त्याच्याबद्दल.

कापड. बुक्ले म्हणजे धाग्याचे छोटे छोटे फास वर काढलेलं विणकाम. त्याचा पोत फोटोत फार गोड दिसतो आणि हातालाही बरा लागतो. कंपनीने मोठ्या तोऱ्यात ३०,००० मार्टिंडेल असं छापलंय. मार्टिंडेल चाचणीत कापडाचा गोल तुकडा ठरावीक दाबाखाली घासत राहतात आणि धागे तुटेपर्यंत किती घासण्या झाल्या ते मोजतात. घरात बसण्या-उठण्याला वीस-पंचवीस हजार पुरे धरतात, त्यामुळे ३०,००० हा आकडा चांगलाच आहे. फक्त हा आकडा घासण्याचा आहे, ओढण्याचा नाही. मांजर कापड घासत नाही. मांजर नख अडकवते आणि मग नख सोडवायला पाय ओढते, त्याबरोबर एक फास बोटभर बाहेर येतो. डाव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला असे फास आता गवतासारखे उभे आहेत. ते कापायचे नाहीत, बोथट सुईने मागच्या बाजूला ढकलायचे असतात. मी मुद्रितशोधनाच्या कंटाळ्यात ते काम करते. घड्याळाचा पट्टा, कुलपाची साखळी, बांगडीचा टाका, काहीही अडकतं. मांजर किंवा लहान मूल असेल तर घट्ट विणीचं सपाट कापड किंवा मखमल घ्या. मखमलीत नखाला अडकायला फास मिळत नाही. दुधी रंगाबद्दल काय बोलावं? पेन्सिलीचा भुगा पडला की झटकायचा, चोळायचा नाही. आवरण काढून धुता येत नाही, कारण बैठकीची गादी सुटी असली तरी पाठ आणि हात सांगाड्यावर कायमचे मढवलेले आहेत. गादीला चेन आहे, पण तिला ओढायची कडीच नाही. ती चेन गिऱ्हाइकाने उघडू नये अशीच अपेक्षा दिसते. मी सेफ्टी पिन अडकवून उघडली. आत फोमवर पांढरं अस्तर आहे, फोम उघडा नाही. याचे गुण वाढवले.

फिरता पाया हा या खुर्चीतला सगळ्यात आवडलेला आणि सगळ्यात धोक्याचा भाग. खाली जड, सपाट गोल तबकडी आहे, त्यामुळे कलंडायची भीती वाटत नाही. फांद्यांचा पाया असता तर मी फांद्या मोजल्या असत्या: फिरत्या खुर्चीला पाच असलेल्या बऱ्या, कारण चार फांद्यांत दोन फांद्यांमधली मोकळी बाजू मोठी राहते आणि वजन तिकडे गेलं की खुर्ची झुकते. ईम्सच्या खुर्चीला पाच आहेत आणि तिच्या स्टुलाला चार, कारण स्टुलावर कोणी रेलत नाही. आमची तबकडी त्या बाबतीत उत्तम. अडचण फिरण्याची आहे. ती इतकी हलकी फिरते की बोटाने ढकलली तरी अर्धा फेरा घेते, आणि तिला कुठेही अडकवायची सोय नाही.

माणूस उठतो कसा, ते एकदा बघा. आधी पुढच्या कडेला सरकतो. मग पावलं गुडघ्यांच्या मागे, बैठकीखाली घेतो. मग धड पुढे झुकवतो, हातांनी रेटा देतो आणि वजन पावलांवर आलं की उभा राहतो. यात खुर्चीने तीन गोष्टी द्यायच्या असतात: कडेखाली पावलांना जागा, पुढपर्यंत आलेले हात, आणि जागच्या जागी उभं राहण्याची शिस्त. आमच्या खुर्चीत कडेखाली जागा नाही, कारण गोल पोट जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेलं. हात मध्येच गोलाईत विरून जातात, पुढे धरायला काही नाही. आणि रेटा दिला की खुर्ची फिरते. सासूबाई पहिल्यांदा उठायला गेल्या तेव्हा उजव्या हाताने जोर दिला आणि खुर्ची त्यांना घेऊन भिंतीकडे तोंड करून थांबली. पडल्या नाहीत. “हिला काय पाहुण्यांना घालवून द्यायला आणलीस का गं?” एवढंच विचारलं. त्यानंतर त्या तिच्यात बसलेल्या नाहीत आणि मी आग्रहही केलेला नाही.

कंपनीला फिरणं अडकवायची कळ मिळेल का, असं विचारलं. उत्तर आलं की हे मॉडेल मुक्त फिरणारं आहे. ते मला माहीत होतं. काही फिरत्या पायांना आपोआप मूळ दिशेला परत येण्याची व्यवस्था असते, तीही यात नाही. शेवटी नवऱ्याने तबकडी आणि पोट यांच्यामधल्या फटीत रबराची पाचर सारली. पाहुणे असले की पाचर आत, मी कामाला बसले की बाहेर.

उठण्याच्या बाबतीत माझ्या भावाकडच्या आयकिआच्या पोएंग खुर्चीचं उदाहरण मुद्दाम देते, कारण ती दिसायला इतकी साधी की कोणी तिला ‘डिझाइन’ म्हणत नाही. नोबोरू नाकामुरा या जपानी डिझायनरने १९७६ मध्ये केलेली, आधी तिचं नाव पोएम होतं. पातळ थर चिकटवून वाकवलेलं लाकूड, मागचे पायच नाहीत, त्यामुळे बसलं की ती किंचित डुलते. बैठक ५० सेंटीमीटरच्या आसपास खोल, उंची आमच्या खुर्चीपेक्षा जास्त, लाकडी हात पुढपर्यंत आलेले आणि मुठीत मावणारे. सासूबाई तिच्यातून एका दमात उठतात. मागचे पाय न लावता लाकूड वाकवून आधार देण्याची ही कल्पना वास्तुविशारद आल्वार आल्टोने १९३० च्या दशकात फिनलंडमध्ये रुजवली, आणि त्याच्या पायमियो खुर्चीचा जन्म तर क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठी झाला. रुग्णाला श्वास घ्यायला सोपं जावं अशा कोनात तिची पाठ आहे. स्टीलच्या नळ्या तेव्हा फॅशनमध्ये होत्या, तरी त्याने लाकूड घेतलं, कारण थंड धातू आजारी माणसाच्या अंगाला नको वाटतो. आज ती खुर्ची संग्रहालयांत आहे.

तर कोणी घ्यावी? उंची १७५ च्या पुढे असेल, गुडघे धड असतील, घरात मांजर नसेल, तर खुशाल घ्या. बांधणी मजबूत आहे आणि पैसे वाया जाणार नाहीत. उंची कमी असेल आणि मांडी घालून बसायची सवय असेल तरी घ्या, फक्त स्टूल वगळा आणि त्याऐवजी कमरेची उशी घ्या. पाय खाली सोडून वाचत बसणारे बुटके लोक असाल तर ५० च्या वरची खोली दिसली की पुढचं मॉडेल बघा. आणि ऑनलाइन मागवताना दरवाजाचं माप घ्या. आमची खुर्ची पाया सोडवून, आडवी करून, शेजाऱ्यांच्या सल्ल्यांसकट आत आली.

सासूबाईंसाठी आता वेगळी शोधतोय. बैठक ४६ उंच, खोली ४८ च्या आत, पाठ थोडी कललेली, हात पुढपर्यंत, कडेखाली पावलांना जागा, न फिरणारी. ही मापं टाकून शोधलं की ‘लाउंज’ या विभागात एकही खुर्ची येत नाही. सगळ्या ‘ज्येष्ठांसाठी’ या वेगळ्या विभागात, औषधांच्या डब्या आणि वॉकरच्या शेजारी. सासूबाईंनी चष्मा लावून पूर्ण यादी खालपर्यंत पाहिली. सगळ्या रेक्झिनच्या, रंग दोनच: करडा नाहीतर चॉकलेटी. त्यांना मोरपंखी हवाय.